थॉमस अक्वायनस वाचायचा कसा: आधी आक्षेप, मग उत्तर

थॉमस अक्वायनसचा ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा ख्रिस्ती धर्मशास्त्राचा ग्रंथ पहिल्या पानापासून सरळ वाचत जायचा बेत असेल, तर तो आधी सोडा. ग्रंथाचे तीन भाग, त्यांतला दुसरा पुन्हा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असा विभागलेला, एकूण ५१२ प्रश्न आणि त्या प्रश्नांच्या पोटात अडीच हजारांहून जास्त उपप्रश्न. हा पसारा बघून माणूस एक तर पुस्तक मिटतो, नाही तर कुणीतरी केलेला दोन पानी सारांश वाचून ‘अक्वायनस म्हणजे ईश्वराच्या अस्तित्वाचे पाच पुरावे’ एवढंच लक्षात ठेवतो. दोन्हीत नुकसान वाचणाऱ्याचं. थॉमस कोणत्या निष्कर्षाला पोचला हे कळण्यापेक्षा तो तिथे कसा पोचला हे कळणं महत्त्वाचं आहे, आणि ती सगळी वाट एकेका उपप्रश्नात पुरी सापडते. एक उपप्रश्न म्हणजे साधारण एक-दोन पानं. तो नीट वाचता आला की बाकीचे वाचता येतात.

मी वकिली करते. समोरच्या पक्षाचं म्हणणं त्याच्यापेक्षाही नीट मांडता आलं तरच त्याला उत्तर देता येतं, हे माझ्या व्यवसायाने मला शिकवलं. तेराव्या शतकातला हा डोमिनिकन भिक्षू तेच काम पानोपानी करून दाखवतो, म्हणून मी त्याच्याकडे वारंवार जाते. माझ्याबरोबर एक जुनी मैत्रीण वाचायला बसते. ती देव मानत नाही, मी मानते. आम्हा दोघींच्या वाचनातून जी पद्धत बसत गेली, ती इथे सांगते.

प्रत आणि पत्ता

इंग्लंडमधल्या डोमिनिकन भिक्षूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलेलं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं. त्याची भाषा जुनी वळणाची आहे, पण मूळ लॅटिनला ते धरून चालतं आणि सुरुवातीला तेवढं पुरे. लॅटिन संहिताही शेजारी उघडून ठेवता आली तर ठेवा. भाषा येत नसली तरी एखादा शब्द पुन्हा पुन्हा कुठे येतो, ते डोळ्यांना दिसतं.

सुम्मातलं कुठलंही वाक्य पृष्ठसंख्येने सांगत नाहीत. भाग, प्रश्न, उपप्रश्न असा पत्ता देतात. पहिल्या भागातला प्रश्न २, उपप्रश्न ३ म्हटलं की जगातल्या कुठल्याही आवृत्तीत तीच जागा उघडते. तुमच्या वहीतही पत्ता असाच लिहा, आणि त्याच्यापुढे ते वाक्य आक्षेपातलं आहे, उत्तरातलं आहे की आक्षेपाच्या खंडनातलं, तेही नोंदवा. ही नोंद टाळू नका. आक्षेपातली वाक्यं थॉमस अशा ठामपणे लिहितो की ती सुटी उचलली तर त्याचीच मतं वाटतात, आणि मग तो ज्याचं खंडन करतोय तेच त्याच्या नावावर चढतं.

उपप्रश्नाची बांधणी

प्रत्येक उपप्रश्न हा ‘होय की नाही’ अशा रूपाचा असतो. पहिले काही परिच्छेद ‘असं वाटतं की’ म्हणून सुरू होतात, आणि त्यांत थॉमस पुढे जे म्हणणार आहे त्याच्या विरुद्धची कारणं येतात. बहुतेक ठिकाणी तीन, कधी दोन, कधी पाच-सहा. मग ‘पण याउलट’ म्हणून एक छोटा परिच्छेद. त्यानंतर ‘उत्तर असं द्यायला हवं’ म्हणून थॉमसचं स्वतःचं विवेचन. शेवटी पहिल्या आक्षेपाला, दुसऱ्या आक्षेपाला, तिसऱ्याला, असं एकेकाला वेगळं उत्तर. पूर्वपक्ष आणि सिद्धान्त ही मांडणी ज्यांच्या ओळखीची आहे, त्यांना हे परकं वाटणार नाही.

ही बांधणी वर्गातून आली. त्या काळच्या पॅरिस विद्यापीठात वाद हा शिकवण्याचाच भाग होता. गुरूने प्रश्न जाहीर करायचा, उपस्थितांनी आक्षेप घ्यायचे, त्याच्या हाताखालच्या पदवीधराने त्यांना तोंड द्यायचं आणि मग दुसऱ्या बैठकीत गुरूने सगळं ऐकून निर्णय सांगायचा. नाताळच्या आधी आणि ईस्टरच्या आधी तर अशी सत्रं भरत, की कुणीही उठून कुठलाही प्रश्न विचारावा. थॉमसने अशी सत्रं घेतली आहेत. त्यांपैकी एका सत्रात त्याने म्हटलं आहे की शिक्षकाने नुसते आधार फेकून प्रश्न मिटवला तर ‘हे असं आहे’ एवढं विद्यार्थ्याला कळेल, पण ज्ञान हाती लागणार नाही आणि तो रिकामाच परत जाईल. हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

सुम्मा मात्र प्रत्यक्ष वादाचा वृत्तान्त नव्हे. तो त्याने लेखणीने रचलेला वाद आहे, आणि तोही नवशिक्यांसाठी. प्रस्तावनेतच तो सांगतो की निरुपयोगी प्रश्नांची आणि युक्तिवादांची गर्दी झाल्याने नव्याने शिकणाऱ्यांना त्रास होतो, म्हणून हे थोडक्यात आणि स्पष्ट मांडायचा प्रयत्न करतो. इतक्या मोठ्या ग्रंथाला ‘थोडक्यात’ म्हटलेलं पाहून बिचकू नका. एकेका उपप्रश्नापुरतं ते खरं आहे.

पहिला उपप्रश्न: दुःखावरचा

माझा आग्रह असा, की ईश्वराच्या अस्तित्वापासून सुरुवात करू नका. तिथे प्रत्येक जण आपली बाजू आधीच ठरवून येतो. दुसऱ्या भागाच्या पूर्वार्धातला प्रश्न ३८ घ्या. विषय आहे दुःखावरचे उपाय. पाच उपप्रश्न आहेत: कुठल्याही आनंदाने दुःख हलकं होतं का, रडण्याने होतं का, मित्रांच्या सहानुभूतीने होतं का, सत्याच्या चिंतनाने होतं का, आणि झोपेने व आंघोळीने होतं का. होय, झोप आणि आंघोळ. ज्याला लोक कोरडा तर्कपंडित समजतात त्याने त्यावर स्वतंत्र उपप्रश्न लिहिला आहे, आणि त्याचं कारणही दिलं आहे: दुःख शरीरातल्या जीवनाच्या चलनाला विरोध करतं, म्हणून शरीराला त्याच्या योग्य स्थितीत परत आणणारी गोष्ट दुःखाच्या विरुद्ध काम करते. माणूस म्हणजे शरीरात अडकलेला आत्मा, असं थॉमस मानत नाही. आत्मा हे शरीराचं रूप, म्हणजे त्याला जिवंत शरीर बनवणारं तत्त्व, आहे आणि दोन्ही मिळून एक माणूस, ही त्याची मूळ भूमिका आहे, आणि ती जड ग्रंथभागात वाचण्याआधी इथे आंघोळीच्या निमित्ताने कळते.

आता तिसरा उपप्रश्न उघडा, मित्रांच्या सहानुभूतीचा. पण पुढे वाचण्याआधी वहीत आपलं उत्तर लिहा. होय की नाही, आणि एका वाक्यात का. हे लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही, कारण ज्याची स्वतःची बाजू नाही त्याला आक्षेप बोचत नाही.

मग आक्षेप. पहिला असा: जुना ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन म्हणतो की पुष्कळ जण मिळून आनंद करतात तेव्हा प्रत्येकाचा आनंद वाढतो, कारण एकामुळे दुसरा पेटतो. मग त्याच न्यायाने पुष्कळ जण मिळून दुःख करू लागले तर दुःखही वाढायला हवं. दुसरा: मैत्रीत प्रेम दोन्हीकडून असतं. माझ्या दुःखाने मित्र दुःखी झाला, तर त्याचं दुःख पाहून मला आणखी एक दुःख होणार. म्हणजे दुःख दुप्पट झालं. तिसरा आक्षेपही याच अंगाचा आहे, तो तुम्हीच वाचा.

इथे थांबा. पुस्तक बाजूला ठेवून दुसरा आक्षेप आपल्या शब्दांत मोठ्याने सांगा, आणि असा सांगा की ऐकणाऱ्याला तो पटावा. आमच्याकडे हे काम मैत्रीण करते. ती आक्षेपाच्या बाजूने उभी राहते आणि मला थॉमसचं उत्तर न बघता तोंड द्यावं लागतं. एकटे वाचत असाल तर वहीचं पान उभं दुभंगा, डावीकडे आक्षेप आणि उजवीकडे तुमचं उत्तर. आक्षेप दुबळा वाटला तर तो पुन्हा वाचा. थॉमस सहसा पोकळ आक्षेप निवडत नाही. दुसऱ्या आक्षेपात तर रोजच्या जगण्यातलं सत्य आहे: आजारी माणूस घरच्यांना आपलं दुखणं सांगत नाही, ते नेमकं याच कारणाने.

‘पण याउलट’ या परिच्छेदात फार वेळ घालवू नका. या उपप्रश्नात तिथे फक्त ॲरिस्टॉटलचं एक म्हणणं आहे, की दुःखात असलेल्यांना मित्रांच्या सहवेदनेने दिलासा मिळतो. हा परिच्छेद म्हणजे थॉमसचा युक्तिवाद नव्हे. ‘दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी मोठं उभं आहे’ एवढीच ती सूचना असते. पहिल्या भागातल्या पहिल्याच प्रश्नात, उपप्रश्न ८ मध्ये, थॉमसने सांगून ठेवलं आहे की मानवी बुद्धीवर उभा असलेला आधार हा सगळ्यांत दुबळा युक्तिवाद, आणि ईश्वरी प्रकटीकरणावर उभा असलेला आधार सगळ्यांत बळकट. ॲरिस्टॉटलचं नाव पहिल्या वर्गात मोडतं.

आता थॉमसचं उत्तर. तो दोन कारणं देतो. पहिलं: दुःख ओझ्यासारखं दाबतं आणि ओझं हलकं करायची माणसाची धडपड असते. दुसरे आपल्यासाठी दुःखी झालेले दिसले की ते ओझं आपल्याबरोबर उचलताहेत असं वाटतं आणि भार कमी होतो. आपण बहुतेक जण इथेच थांबलो असतो. थॉमस पुढे म्हणतो, दुसरं कारण याहून चांगलं आहे: मित्र आपल्यासाठी दुःखी होतो तेव्हा त्याचं आपल्यावर प्रेम आहे हे आपल्याला दिसतं, आणि प्रेम आहे हे दिसण्यात आनंद आहे. आनंदाने दुःख हलकं होतं हे पहिल्या उपप्रश्नात सिद्ध झालंच आहे.

दोन कारणांतलं दुसरं ‘अधिक चांगलं’ का, हे वहीत लिहा. मला वाटतं ते असं. ओझ्याची गोष्ट खरी नाही, तशी फक्त भासते. दुःख वाटून घेतलं म्हणून कुणी त्याचा अर्धा भाग घेऊन जात नाही. प्रेम दिसणं मात्र भास नव्हे. तिथे खरोखर एक चांगली गोष्ट हाती लागलेली असते.

आता खंडनं वाचा, आणि प्रत्येक खंडन त्याच्या आक्षेपाशेजारी बोट ठेवून वाचा. दुसऱ्याला थॉमस म्हणतो: मित्राचं दुःख हे नुसतं दुःख म्हणून पाहिलं तर त्याने दुःखच होईल. पण त्या दुःखाचं कारण, म्हणजे त्याचं प्रेम, पाहिलं तर आनंद होतो. आक्षेप खोटा ठरवलेला नाही. त्यातलं जे खरं ते ठेवून घेतलं आणि कुठे तो अपुरा पडला ते दाखवलं. पहिल्यालाही तसंच: आनंदात आनंदी होणं आणि दुःखात दुःखी होणं, दोन्ही मैत्रीचीच खूण आहे, म्हणून दोन्ही आपापल्या कारणामुळे सुखद.

हीच त्याची खास चाल आहे आणि ती तुम्हाला सर्वत्र भेटेल. ‘हे दोन प्रकारे समजता येतं’ असं वाक्य दिसलं की तिथे खूण करा. गाठ तिथेच सुटणार असते. मी समासात फक्त ‘२’ लिहिते. पान चाळताना त्या खुणा पाहिल्या तरी सगळा युक्तिवाद आठवतो.

शेवटचं काम: तुमच्या उजव्या रकान्यातलं उत्तर आणि थॉमसचं उत्तर शेजारी ठेवा, आणि कुठला आक्षेप अजून जिवंत आहे ते लिहा. माझ्या मैत्रिणीचा मुद्दा अजून उभा आहे: मित्राचं प्रेम मला आधीपासून माहीत असेल तर त्याच्या दुःखाने मला नवीन काय दिसलं? मी तिला अजून पुरतं उत्तर देऊ शकलेले नाही. असे उरलेले आक्षेप खोडू नका. पुढच्या एखाद्या उपप्रश्नात त्यांना उत्तर सापडतं, आणि नाही सापडलं तरी ते तुमचे स्वतःचे झालेले असतात.

टोपणनावं

सुम्मात काही माणसं नावाने येत नाहीत. ‘तत्त्वज्ञ’ म्हणजे ॲरिस्टॉटल. ‘भाष्यकार’ म्हणजे कॉर्डोबाचा इब्न रुश्द, ज्याला युरोप ॲव्हेरोईस म्हणत असे. ‘प्रेषित’ म्हणजे बायबलमधला संत पॉल. ‘गुरू’ म्हटलं तर पीटर लोम्बार्ड, ज्याच्या ‘सेंटेन्सेस’ या ग्रंथावर त्या काळच्या प्रत्येक धर्मशास्त्र्याला व्याख्यानं द्यावी लागत. ‘रब्बी मोझेस’ म्हणजे ज्यू विचारवंत मायमोनिडीज. ॲव्हिसेना म्हणजे इब्न सीना. ही यादी पहिल्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर उतरवा. एका ख्रिस्ती भिक्षूच्या पानावर ग्रीक, अरब मुसलमान आणि ज्यू विचारवंत एकमेकांशी बोलताहेत, हे लक्षात आलं की मध्ययुग म्हणजे बंद खोली ही समजूत आपोआप गळून पडते.

परिभाषेची भीती बाळगू नका. सुरुवातीला एक जोडी पुरते: क्षमता आणि तिची पूर्तता. लाकूड थंड आहे पण तापू शकतं, ही क्षमता. तापलं, ही पूर्तता. क्षमता आपली आपण पूर्ततेत जात नाही, आधीच तापलेलं काहीतरी, म्हणजे आग, तिला तिथे नेते. उदाहरण थॉमसचंच आहे. बाकीचे शब्द लागतील तेव्हा शिका.

चरित्र किती हवं

वाचन सुधारेल तेवढंच. जन्म १२२५च्या सुमारास, रोम आणि नेपल्स यांच्या मधल्या रोक्कासेक्का इथल्या किल्ल्यात. सरदार घराणं. पाचेक वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला मोंते कासिनोच्या प्रसिद्ध मठात ठेवलं. पुढे तो नेपल्सच्या विद्यापीठात गेला. ते सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२२४ मध्ये काढलं होतं आणि तिथे ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवले जात. पॅरिसमध्ये त्याच ग्रंथांवर व्याख्यानं द्यायला १२१० आणि १२१५ मध्ये बंदी घातलेली होती. हा तपशील धरून ठेवा, कारण थॉमसच्या पानावर ॲरिस्टॉटल इतक्या सहज येतो की त्यामागे केवढं धाडस होतं ते आज जाणवत नाही.

१२४४ मध्ये तो डोमिनिकन संघात गेला. जमीनजुमला असलेल्या जुन्या मठाचा प्रमुख होण्याऐवजी मुलगा भिक्षेवर जगणाऱ्या नव्या संघात चाललेला पाहून घरच्यांनी त्याला वाटेतून पकडून आणलं आणि सुमारे वर्षभर घरात डांबून ठेवलं. तो बदलला नाही. पुढे पॅरिस आणि कोलोन इथे आल्बर्ट द ग्रेटच्या हाताखाली शिक्षण, १२५६ मध्ये पॅरिसला धर्मशास्त्राचा गुरू, मग इटलीत ऑर्व्हिएतो आणि रोम. सुम्माला सुरुवात रोममध्ये झाली. १२६८ ते १२७२ पुन्हा पॅरिस.

हा दुसरा पॅरिसचा काळ वादळी होता. एकीकडे ब्राबांतचा सिगर आणि त्याचे साथीदार, ज्यांच्या शिकवणीतून सगळ्या माणसांत मिळून बुद्धी एकच आहे असं निघत होतं. १२७० मध्ये थॉमसने त्याविरुद्ध स्वतंत्र पुस्तिका लिहिली. दुसरीकडे ॲरिस्टॉटलचा मोकळा वापर न रुचणारे धर्मशास्त्री. थॉमस दोन्ही बाजूंशी लढत होता. त्याच्या मृत्यूनंतर बरोबर तीन वर्षांनी, ७ मार्च १२७७ रोजी, पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांचा निषेध केला आणि त्यांतली काही थॉमसच्या मतांना भिडणारी होती. १३२३ मध्ये पोपने त्याला संत घोषित केलं, आणि त्याला लागू होणारा पॅरिसचा निषेध १३२५ मध्ये मागे घेण्यात आला. म्हणून त्याला चर्चचा अधिकृत आवाज समजून वाचू नका. तो लिहीत होता तेव्हा त्याची बाजू ठरलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट थेट वाचनाशी निगडित आहे. ६ डिसेंबर १२७३ रोजी, नेपल्समध्ये, प्रार्थनेच्या वेळी त्याला काहीतरी अनुभव आला आणि त्याने लिहिणं थांबवलं. त्याचा सहकारी रेजिनाल्ड विनवू लागला तेव्हा तो म्हणाला की जे पाहिलं त्यापुढे मी लिहिलेलं सगळं मला गवताच्या काडीसारखं वाटतं. ७ मार्च १२७४ रोजी, लियोंच्या धर्मपरिषदेला जाताना, फोस्सानोव्हाच्या मठात तो वारला. त्यामुळे सुम्माचा तिसरा भाग प्रश्न ९०वर तुटतो. त्यापुढे छापलेली ‘पुरवणी’ शिष्यांनी त्याच्या तरुणपणच्या लेखनातून जुळवली आहे. तिच्यातलं वाक्य हे त्याचं परिपक्व मत म्हणून उद्धृत करू नका.

पाच मार्गांपाशी पोचल्यावर

दोन-चार उपप्रश्न या रीतीने वाचून झाले की मगच पहिल्या भागातला प्रश्न २, उपप्रश्न ३ घ्या. ईश्वर आहे का? सुरुवातीला म्हटलेले पाच पुरावे इथेच आहेत, थॉमस त्यांना ‘मार्ग’ म्हणतो. आक्षेप फक्त दोन. एक: परस्परविरोधी दोन गोष्टींपैकी एक अनंत असेल तर दुसरी उरणार नाही. ईश्वर म्हणजे अनंत चांगुलपणा. पण जगात दुष्टता आहे. म्हणून ईश्वर नाही. दोन: जगात दिसणारं सगळं निसर्ग आणि माणसाची बुद्धी यांनी समजावता येतं, मग ईश्वर मानायची गरजच काय? आजही नास्तिक विचारवंत जे दोन मुद्दे सर्वांत आधी काढतात, ते इथे त्याच्याच हाताने, तिखटपणे मांडलेले आहेत. माझ्या मैत्रिणीला थॉमसबद्दल आदर वाटू लागला तो या दोन परिच्छेदांपासून.

पहिल्या मार्गावर, म्हणजे हालचालीवरून ईश्वरापर्यंत जाणाऱ्या युक्तिवादावर, सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. पुष्कळांना वाटतं त्याचं म्हणणं असं: प्रत्येक गोष्टीला आधी एक कारण असतं, मागे मागे गेलं की जगाच्या सुरुवातीला कुणीतरी पहिला धक्का दिलेला असणार. थॉमस हे म्हणत नाही, आणि याचा पुरावा त्याच भागात आहे. प्रश्न ४६, उपप्रश्न २ मध्ये तो लिहितो की जगाला सुरुवात होती ही श्रद्धेची गोष्ट आहे, ती युक्तिवादाने सिद्ध करता येत नाही. तिथल्या सातव्या आक्षेपाच्या उत्तरात हातोड्याचं उदाहरण येतं. कारागीर एकामागून एक हातोडे वापरतो, कारण एक मोडला की दुसरा घ्यावा लागतो. या हातोड्याचं काम आधीच्या हातोड्यावर अवलंबून नाही. बापाने मुलाला जन्म देणं तसंच आहे. आजोबा वारले तरी बाप मुलाला जन्म देऊ शकतो. अशी साखळी मागे अनंत असली तरी थॉमसची हरकत नाही.

पहिल्या मार्गातलं उदाहरण वेगळं आहे: हात काठीला हलवतो. हात थांबला की काठी थांबली. इथे प्रत्येक कडी आत्ता, या क्षणी, आधीच्या कडीच्या जोरावर काम करते. थॉमसचा दावा एवढाच, की अशा साखळीत नुसत्या काठ्याच काठ्या असून भागत नाही. ‘हालचाल’ म्हणजे त्याच्या लेखी जागा बदलणं एवढंच नव्हे, लाकूड तापणंही त्यात आलं. आता तुमच्या मनात जडत्वाचा नियम येईल: सरळ रेषेत चाललेल्या वस्तूला चालत राहायला कारण लागत नाही. उत्तम, तो तिसरा आक्षेप म्हणून डाव्या रकान्यात लिहा आणि उजवीकडे उत्तराचा प्रयत्न करा. मी माझ्या अशिलाचं प्रकरण ज्या गांभीर्याने लढते, त्याच गांभीर्याने इथे दोन्ही बाजू लढते.

पाचही मार्ग वाचून पुस्तक मिटू नका. प्रश्न ३च्या तोंडाशीच थॉमस सांगतो की ईश्वर काय आहे हे आपण जाणू शकत नाही, काय नाही तेवढंच जाणू शकतो. पुढचे प्रश्न ११पर्यंत त्या ‘नाही’चेच आहेत: तो भागांचा बनलेला नाही, बदलणारा नाही, काळात बांधलेला नाही. पाच मार्गांनी सिद्ध झालेलं जे काही आहे, त्याला आकार इथे येतो.

जिथे मन मानत नाही

दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, प्रश्न ११, उपप्रश्न ३ मध्ये, थॉमस म्हणतो की खोटी नाणी पाडणाऱ्याला राजसत्ता मृत्युदंड देते, मग आत्म्याचं जीवन असलेली श्रद्धा बिघडवणं तर त्याहून गंभीर, म्हणून हट्टी पाखंड्याला मृत्युदंड देणं न्याय्य आहे. मला हे वाचवत नाही. तरी ते गाळू नका, आणि ‘त्या काळी असंच होतं’ म्हणून सोडूनही देऊ नका, कारण तसं करणं म्हणजे त्याला उत्तर न देताच सुटका करून घेणं. त्याच्याच बांधणीत आक्षेप लिहा. माझा असा आहे: श्रद्धा ही इच्छेने होते, जबरदस्तीने नाही, हे थॉमसनेच आदल्या प्रश्नात, प्रश्न १०, उपप्रश्न ८ मध्ये म्हटलं आहे. तिथे तो पूर्वी कधीच श्रद्धा न स्वीकारलेले आणि स्वीकारून सोडलेले असा भेद करतो आणि दुसऱ्यांवर सक्ती करता येते म्हणतो, कारण त्यांनी वचन दिलेलं आहे. मग माझा प्रश्न, वचनभंगाला प्राण हा मोबदला कुठल्या न्यायाने? इथे मी त्याच्या बाजूने उत्तर शोधून पाहिलं. मला ते पटलं नाही आणि मी वहीत तसं लिहिलं आहे.

पुढे काय

कायद्यात रस असेल तर दुसऱ्या भागाच्या पूर्वार्धातला प्रश्न ९०. चार उपप्रश्नांत तो कायद्याची व्याख्या एकेक कलम जोडत बांधतो: बुद्धीचा आदेश, सर्वांच्या हितासाठी, समाजाची जबाबदारी असलेल्याने केलेला, आणि जाहीर केलेला. चौथा उपप्रश्न संपतो तिथे व्याख्या पुरी होते. ही बांधणी पाहिल्यापासून मी कुठलीही व्याख्या एका दमात वाचत नाही. स्वसंरक्षणासाठी उत्तरार्धातला प्रश्न ६४, उपप्रश्न ७. व्याजासाठी प्रश्न ७८.

पण त्यांच्याही आधी प्रश्न ६६, उपप्रश्न ७ घ्या: गरजेपोटी चोरी करणं योग्य आहे का? थॉमसचं उत्तर असं, की गरज उघड आणि तातडीची असेल, दुसरा मार्ग नसेल, तर दुसऱ्याच्या मालातून आपली गरज भागवणं ही चोरीच नव्हे, कारण ज्यांच्याकडे जास्तीचं आहे ते नैसर्गिक न्यायाने गरिबांचं देणं आहे. तिसरा आक्षेप असा: शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करावं, तरी शेजाऱ्याला मदत करण्यासाठी चोरी करणं योग्य मानत नाहीत, मग स्वतःसाठी ती कशी योग्य? याला थॉमसने काय उत्तर दिलं ते मी इथे सांगत नाही. आधी उजव्या रकान्यात तुमचं लिहा.